न्यायासनाचा काळा झगा

दरवर्षी चैत्र सरून वैशाख लागला आणि नांदेड-लातुराकडचा पारा चाळिशीच्या पुढे गेला, की न्यायालयांच्या आवारात एक जुना वाद नव्याने डोके वर काढतो. काळा कोट, गळ्याशी पांढरे बँड आणि त्यावर काळा झगा हा सरंजाम आमच्या हवेला मानवतो काय, असा तो वाद. पावसाची पहिली सर आली की तो मिटतो आणि पुढच्या वैशाखापर्यंत कोणास त्याची आठवण राहत नाही. वस्तुतः हा प्रश्न केवळ उकाड्याचा नाही. न्यायाधीशाने झगा का घालावयाचा, तो घातल्याने न्यायदानात काय भर पडते, आणि समोर हात जोडून उभ्या असलेल्या पक्षकाराचे त्याने काही भले होते काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचा विचार थंड डोक्यानेच करावयास हवा.

प्रथम नियम काय आहे ते पाहू. वकिलांचा पोशाख १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेल्या नियमांनी ठरतो. त्या नियमांप्रमाणे वकिलाला झगा सक्तीचा आहे तो सर्वोच्च न्यायालयात व उच्च न्यायालयांत. एवढेच नव्हे, तर ही न्यायालये वगळता उन्हाळ्यात काळा कोटही सक्तीचा नाही. म्हणजे नांदेडच्या जिल्हा न्यायालयात किंवा निलंग्याच्या दिवाणी न्यायालयात मे महिन्यात कोटाविना युक्तिवाद करणारा वकील कोणताच नियम मोडीत नसतो. तरीही पुष्कळ वकील कोट उतरवीत नाहीत, कारण खेड्यातून आलेला पक्षकार आवारातल्या गर्दीत वकील ओळखतो तो कोटावरून. ही अडचण खरी असली, तरी ती धंद्याची अडचण आहे. न्यायाच्या प्रतिष्ठेशी तिचा संबंध थोडा. न्यायाधीशाच्या झग्याची गोष्ट मात्र निराळी आहे. न्यायासनावर बसणारा माणूस अशील मिळविण्यासाठी काळे वस्त्र पांघरीत नाही. मग तो ते कशासाठी पांघरतो?

परक्या सुतकाचे वस्त्र

झग्याचे कूळ इंग्लंडात आहे, हे उघडच आहे. तेथील न्यायाधीशांनी कोणत्या ऋतूत कोणत्या रंगाचा झगा घालावा, याचे नियम १६३५ सालीच झालेले होते. काळ्या रंगाविषयी मात्र एक कथा सांगतात. १६८५ साली राजा दुसरा चार्ल्स वारला, कोणी म्हणतात १६९४ साली राणी मेरी वारली, तेव्हा दरबारी सुतकासाठी वकिलांनी काळे झगे घातले आणि ते पुन्हा उतरविलेच नाहीत. कथेतील तपशिलांविषयी एकवाक्यता नाही. परंतु ती खरी मानली तर आमचे कायदेपंडित तीनशेहून अधिक वर्षे एका परक्या राजघराण्याचे सुतक पाळीत आहेत असे म्हणावे लागेल. आपल्याकडे सख्ख्या माणसाचे सुतक तेराव्याच्या आत फिटते!

यावरून कोणी म्हणेल, की परकीयांची ही खूण आता गुंडाळून ठेवावी. हा युक्तिवाद वरवर सोपा वाटतो. पण तो मान्य करण्यापूर्वी आपल्या स्वतःच्या परंपरेकडे वळून पाहणे इष्ट ठरेल. महाराष्ट्रात न्यायाधीश म्हटले की आजही रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव ओठांवर येते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या प्रकरणात रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषी धरले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. त्यांच्या अंगावर झगा नव्हता. पागोटे आणि उपरणे हा त्या काळच्या कोणाही शास्त्र्याचा वेश, तोच त्यांचाही. राज्याच्या धन्याला तोंडावर दोषी ठरविण्याचे बळ त्यांना कापडाने दिले नव्हते, ते त्यांच्या निःस्पृहतेतून आले होते.

येथवर झग्याचे विरोधक मान डोलावतील. पण याच कथेची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. रामशास्त्री पुण्याबाहेर पडले तेव्हा न्यायही त्यांच्याबरोबर बाहेर पडला. पुढे बारभाईंचा कारभार सुरू झाल्यावरच ते परतले. म्हणजे न्यायाची सारी थोरवी एका पुरुषाच्या अंगी वसत होती, आणि तो पुरुष दूर होताच आसन रिकामे पडले. ज्या राज्यात न्याय हा थोर माणसाच्या थोरपणावर अवलंबून असतो, तेथे थोर माणूस मिळेपर्यंत रयतेने वाट पाहावयाची असते. आधुनिक राज्याला हे परवडत नाही. त्याला किनवटला, कंधारला, अहमदपूरला, उदगीरला, प्रत्येक तालुक्याच्या गावी रोज सकाळी अकरा वाजता न्यायाधीश हवा असतो, आणि दर तालुक्याला एक रामशास्त्री देण्याचे औदार्य कोणत्याही समाजाजवळ नसते. झगा आहे तो या सामान्य माणसासाठी. रामशास्त्र्यांना त्याची गरज नव्हती, आणि नेमक्या त्याच कारणासाठी तुम्हा-आम्हांसारख्यांना ती आहे.

तालुक्याच्या गावाची कल्पना करा. तेथे कोण कोणाचा सोयरा, कोणाच्या आडनावामागे कोणती जात, कोण कोणाच्या पंक्तीला जेवला, हे सारे सर्वांना ठाऊक असते. त्या गावात न्यायाधीश म्हणून आलेला मनुष्य कोणा आईबापांचा मुलगा असतो, त्याला जात असते, गाव असते, रागलोभ असतात. साडेदहा वाजता अंगावर झगा घेताना तो जणू जाहीर करतो, की आता संध्याकाळपर्यंत हे सारे बाजूला ठेवले आहे. पाहणाऱ्यावर या वस्त्राचा दरारा बसतो असे आपण समजतो. परंतु त्याचे खरे बंधन ते घालणाऱ्यावर आहे. माणूस झाकून केवळ पद उरविणे, हे झग्याचे प्रयोजन होय. ते मान्य केले तर झगा इंग्रजांचा की आमचा, हा वाद गौण ठरतो.

दरबारी पोशाख आणि न्यायालयीन पोशाख

मराठवाड्याला हा भेद समजावून सांगण्याची वास्तविक गरज नसावी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यातही पोशाखाचे नियम होते, आणि ते चांगले कडक होते. निजामाच्या समोर जावयाचे तर अधिकाऱ्याच्या डोक्यावर दस्तार आणि कमरेला बगलूस नावाचा पट्टा लागत असे. त्या पोशाखाचा अर्थ एकच होता : मी हुजुरांचा सेवक आहे. कायद्यापुढे नव्हे, एका व्यक्तीपुढे लवण्यासाठी तो वेश होता. मराठी शेतकऱ्याची फिर्याद उर्दूत चालणाऱ्या न्यायालयात दाखल व्हावयाची, निकालही त्याच भाषेत लागावयाचा, आणि काय लागला हे त्याला कोणा जाणत्याकडून समजून घ्यावे लागावयाचे. दस्तार-बगलूस गेले, ते जावयासच हवे होते. परंतु दरबारी वेश गेला म्हणून सर्वच वेश गेले पाहिजेत, असे त्यातून निष्पन्न होत नाही. निजामापुढचा पोशाख व्यक्तीची चाकरी सांगत होता. न्यायाधीशाच्या झग्याने कायद्याची चाकरी सांगावी, अशी अपेक्षा आहे.

अपेक्षा आहे, असे म्हटले. कारण ती नेहमीच पुरी झाली आहे असा इतिहास नाही. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे उभे राहिले ते बॅरिस्टर दिनशा दावर. जामीन मिळाला. अकरा वर्षांनी, १९०८ साली, टिळक पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते आणि दावर आता न्यायासनावर होते. त्यांनी जामीन नाकारला, आणि २२ जुलैच्या रात्री ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरविल्यावर सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली. झगा वकिलाचा होता तेव्हा त्यातून एक वाणी निघाली, न्यायाधीशाचा झाला तेव्हा दुसरी. दावरांनी आपले जुने अशीलपण बाजूला ठेवले, त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. न्यायाधीशाने ते ठेवावयासच हवे. परंतु झग्याने झाकलेल्या माणसाच्या जागी जो कायदा बोलला, तो परकीय सत्तेच्या रक्षणासाठी केलेला कायदा होता. पुढे १९५६ साली त्याच मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी टिळकांच्या उद्गारांचा फलक लावला, आणि ज्या इमारतीत शिक्षा झाली होती तिनेच आरोपीचा गौरव केला. बोध असा, की झग्याची प्रतिष्ठा त्यामागील कायद्याच्या प्रतिष्ठेहून तसूभरही अधिक असू शकत नाही.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९२३ पासून ते मुंबई उच्च न्यायालयात बॅरिस्टर म्हणून उभे राहू लागले. ज्या समाजात सार्वजनिक पाणवठ्यावर त्यांच्या बांधवांना हात लावू दिला जात नव्हता, त्याच समाजाच्या न्यायालयात त्यांचा झगा आणि कोणा उच्चवर्णीय बॅरिस्टराचा झगा यांत एका धाग्याचाही फरक नव्हता. ही या वस्त्राची थोर बाजू होय. मात्र न्यायालयाबाहेर काम देणारे हात जात विसरले नव्हते, आणि त्याची झळ त्यांच्या वकिलीला लागली. झगा समतेचे वचन देतो. ते वचन पाळण्याचे काम कापडाला करता येत नाही, ते माणसांनाच करावे लागते.

अंतर कशाने वाढते?

झग्यावर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप असा, की त्यामुळे न्यायाधीश आणि सामान्य माणूस यांत अंतर पडते. आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. वाटणीच्या दाव्यासाठी हदगावहून आलेली विधवा किंवा पोटगीसाठी औशाहून आलेली परित्यक्ता जेव्हा त्या काळ्या कोटांच्या गर्दीत उभी राहते, तेव्हा तिच्या छातीत धडधडते हे खरे आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण उगाच पडलेली नाही. परंतु तिला भय कशाचे वाटते, याचा नीट शोध घ्यावा. न्यायाधीशाचा झगा पाहून ती घाबरत असेल, पण खचून जाते ती पुढची तारीख ऐकून. पुकारा झाला, दोन वाक्ये तिला न कळणाऱ्या भाषेत बोलली गेली, पट्टेवाल्याने 'चला' म्हटले, आणि एका दिवसाची मजुरी व एस.टी.चे भाडे पाण्यात गेले. अंतर पडते ते येथे.

हे अंतर कमी कसे होते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच विभागात आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाडा मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात आला, आणि नांदेडच्या पक्षकाराला उच्च न्यायालयासाठी पाचशे किलोमीटरहून अधिक अंतरावरील मुंबई गाठावी लागू लागली. पंचवीस वर्षे मागणी करावी लागली तेव्हा २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला न्यायमूर्ती बसू लागले. त्या निर्णयालाही आव्हान दिले गेले, सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये तो उचलून धरला, आणि १९८४ मध्ये खंडपीठ कायम झाले. मुंबईत ज्या झग्यात न्यायमूर्ती बसत होते, त्याच झग्यात ते औरंगाबादला बसले. वस्त्रात काडीचा बदल न होता न्याय शेकडो किलोमीटर जवळ आला. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले, तेव्हा पश्चिम महाराष्ट्राच्या दक्षिण भागानेही हाच अनुभव घेतला.

भाषेचेही तसेच. राज्य शासनाने १९९८ साली अधिसूचना काढून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरविली. तरीही कित्येक ठिकाणी युक्तिवाद आणि निकालपत्र यांवर इंग्रजीची पकड कायम आहे. फौजदारी खटल्यात निकालाचा सारांश आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला समजेल अशा भाषेत समजावून सांगावा, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. 'किंवा त्याच्या वकिलाला' या तीन शब्दांत सारी मेख आहे. वकिलाला कळले की कायद्याचे समाधान होते, आणि ज्याच्या मानेवर निकाल पडतो तो वकिलाच्या तोंडाकडे पाहत राहतो. निजामाच्या काळी उर्दूपुढे त्याचा आजोबा असाच पाहत होता.

जगाने काय केले?

झगा म्हणजे अपरिवर्तनीय वस्तू नव्हे, हे खुद्द इंग्रजांनीच दाखवून दिले आहे. २००८ च्या ऑक्टोबरपासून इंग्लंडात दिवाणी व कौटुंबिक न्यायालयांतील न्यायाधीशांनी केसांचा टोप काढून ठेवला आणि नव्या, साध्या घडणीचा झगा स्वीकारला. २००९ साली स्थापन झालेल्या त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश तर रोजच्या सुनावणीला साध्या पोशाखात बसतात. अमेरिकेत उलट प्रकार घडला. तेथील सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी १९९५ मध्ये एका संगीतिकेतील पात्राचा वेश पाहून आपल्या काळ्या झग्याच्या बाह्यांवर सोनेरी पट्टे लावून घेतले! परंपरा कशी टिकते आणि तिला हौसेची ठिगळे कशी लागतात, याचा हा नमुना आहे.

आपल्याकडेही एक प्रयोग नकळत होऊन गेला. मे २०२० मध्ये करोनाच्या साथीत सर्वोच्च न्यायालयाने दूरदृश्य सुनावणीपुरती वकिलांना कोट व झग्यातून सूट दिली, पांढरा पोशाख आणि बँड पुरेसे मानले. त्या वेळी सरन्यायाधीशपदी नागपूरचे शरद बोबडे होते. त्या महिन्यांत दिलेले आदेश कोणी कमी वजनाचे मानले नाहीत. याउलट सप्टेंबर २०२४ मध्ये, उन्हाळ्यात वकिलांना काळ्या कोटातून सर्वत्र मोकळीक मिळावी अशी याचिका आली, तेव्हा त्याच न्यायालयाने ती ऐकण्यास नकार दिला. त्यानंतर महिन्याभरातच न्यायदेवतेची नवी मूर्ती लोकांसमोर आली. डोळ्यांवरची पट्टी गेली, हातात तलवारीऐवजी संविधान आले, अंगावर साडी आली. देवतेचा वेश बदलता येतो, मग माणसांचा का नाही, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही.

मग करावे काय?

प्रस्तुत लेखकाचे मत असे, की न्यायाधीशाचा झगा राहावा; पण तो आपला व्हावा. त्याची वाट नांदेडातूनच जाते. राष्ट्रध्वजाची खादी लातूर जिल्ह्यातील उदगीरला विणली जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत ध्वज तयार होतात. ध्वज हेही शेवटी कापडच. मागावर असतो तोवर त्याला कोणी वंदन करीत नाही. ठरलेल्या मापाने व रंगाने तो सिद्ध झाला, की त्याच्यापुढे सेनापतीही ताठ उभा राहतो. कापडाला अर्थ येतो तो लोकांनी एकमताने पाळलेल्या नियमातून. डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलून यंत्रावरच्या व पॉलिएस्टरच्या ध्वजालाही मुभा मिळाली, तेव्हापासून हातमागाच्या ध्वजापुढे स्पर्धा उभी आहे. अशा वेळी महाराष्ट्रातील न्यायाधीशांसाठी हलक्या सुती खादीचा, या मातीत विणलेला झगा ठरविला, तर उकाड्याचे उत्तर मिळेल, विणकराच्या हाताला काम मिळेल आणि इंग्रज राजाचे सुतकही एकदाचे फिटेल. रंग काळाच राहिला तरी हरकत नाही. त्याच्यावर पांढरे बँड आहेत, ते मळले की लगेच दिसते, एवढे पुरे आहे.

वकिलांच्या बाबतीत नव्या नियमाची गरज नाही, असलेला नियम पाळण्याची आहे. जिल्हा न्यायाधीशांनी उन्हाळ्याच्या आरंभी कोट ऐच्छिक असल्याचे फलकावर लावावे आणि ज्येष्ठ वकिलांनी प्रथम तो उतरवावा. कनिष्ठाला ज्येष्ठापुढे कोट काढण्याचा संकोच वाटतो, तो असाच जाईल. बार कौन्सिलने २००६ सालीच 'माय लॉर्ड' हे संबोधन वसाहतीच्या काळाचा अवशेष ठरविले आणि तालुका-जिल्हा न्यायालयांत 'सर' किंवा स्थानिक भाषेतील समानार्थी शब्द पुरेसा मानला. 'महोदय' म्हटल्याने न्यायासनाचा अवमान होत नाही.

परंतु या साऱ्याहून महत्त्वाचे एक आहे. निकाल देताना न्यायाधीशाने कागदावरून मान वर करावी, आणि दावा जिंकला की हरला, का जिंकला किंवा का हरला, पुढे कोठे आणि किती दिवसांत दाद मागता येते, एवढे चार वाक्यांत स्वच्छ मराठीत पक्षकाराला स्वतः सांगावे. त्यासाठी कोणत्याही कायद्यात दुरुस्ती करावी लागत नाही, कोणत्याही अर्थसंकल्पात तरतूद करावी लागत नाही. न्यायाधीशाची पाच मिनिटे तेवढी लागतात. ज्या बाईने अकरा तारखा खाल्ल्या, तिला पाच मिनिटे देणे जड वाटू नये.

झगा माणसाला झाकण्यासाठी आहे. न्यायाधीशाची जात, त्याचे गाव, त्याचे सोयरेधायरे आणि त्याचे रागलोभ त्या काळ्या कापडाखाली खुशाल झाकले जावोत. पण त्याच कापडाखाली निकालाचा अर्थही झाकला गेला, तर पक्षकाराच्या दृष्टीने दस्तार-बगलूस आणि हा झगा यांत फरक उरणार नाही. तो फरक राखणे हे झगा घालणाऱ्याच्या हाती आहे.